पंढरीभाऊंच्या एकवीस वह्या

कल्याण, सोमवार

प्रिय कल्पिता,

गुरुवारी नदीच्या पाण्याची सुनावणी आहे, बाबांच्या वह्या न्यायला बुधवारी येते, हा तुझा निरोप मिळाला. तुझे तीन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून दटावलं, आणि स्वतःवर आली तेव्हा ही बाई गप्प.

तू दोन वर्षांची असशील. आमच्या कॉलेजला उल्हास नदीचं पाणी रोज बघणारं माणूस हवं होतं. मोहन्याच्या काठावर होडी असलेले तुझे बाबा म्हणाले, मी बघतो. थर्मामीटर कसा धरायचा तेवढं मी शिकवलं; नदी त्यांनी मला शिकवली. चौथ्याच दिवशी विचारलं, "बाई, वास कुठल्या रकान्यात लिवू?" तसा रकानाच नव्हता. मग मी पट्टी घेऊन शेवटी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, शेरा. एकवीस वर्षं त्यांनी तो भरला. घरात लग्न असो की सुतक, सकाळची नोंद चुकली नाही. पाणी चहासारखं. मासे उताणे. हात धुतला, खाज सुटली. नदी नासली हे गावाचं म्हणणं खरं ठरवणारा पुरावा म्हणशील तर तो त्या रकान्यात होता.

मग सगळं संगणकावर चढवायला तीन वर्षांचं अनुदान आलं. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. पण अनुदान देणाऱ्यांच्या ठरलेल्या तक्त्यात फक्त आकडे बसत होते. शेरा गाळला. मी म्हटलं, मूळ वह्या आहेतच की! नंतर वह्यांची खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा कागद आला, नोंदी संगणकात सुरक्षित आहेत, वह्या निकाली काढण्यास हरकत नाही. मी हरकत घेतली नाही. तीन वर्षं संपली आणि त्या यंत्राची देखभाल कुणाच्याच खात्यात बसेना. नव्या संशोधनाला पैसे मिळतात गं, जुनं सांभाळायला नाही. बारसं थाटात केलं, मुलाला दूध कोण पाजणार हे कुणी विचारलंच नाही. यंत्र बंद पडून राहिलं. दोन वर्षांनी उघडलं तर आतलं काही वाचता येईना. म्हणजे आकडेही गेले.

हे पंढरीभाऊंना मी कधी सांगितलं नाही. श्रावणात मी त्यांना दवाखान्यात भेटायला आले, तेव्हा नाकात नळी असताना त्यांनी विचारलं, वह्या बऱ्या हायत ना? मी म्हटलं, कपाटात आहेत, कुलूप लावलंय. ते हसले. चौथ्या दिवशी गेले. मला लाज वाटते, कल्पिता. रोज वाटते.

बुधवारी येऊ नकोस, कपाटात काही नाही. त्या शेऱ्यांतले कितीतरी मला पाठ आहेत, पण तारखा आठवत नाहीत, आणि तिथे तारखाच विचारतील. तरी हे पत्र मी हाताने लिहिलंय, खाली सही केलीय, वह्या निकाली काढायच्या त्या कागदावर केली होती तशीच, पूर्ण नावाने. वह्या होत्या, तुझ्या बाबांनी लिहिल्या, आणि मी त्या रद्दीत जाऊ दिल्या, एवढं तरी यावरून सिद्ध होईल. हे तिथे दे. मला बोलावलं तर मी येईन, सगळ्यांसमोर सांगेन. पण आधी याच्या दोन प्रती काढ, वेगवेगळ्या घरांत ठेव. मला माफ करायचं की नाही, ते नंतर ठरव.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच

प्रमोदिनी हरिहर वैद्य