कुठपर्यंत चालतंय?

३ फेब्रुवारी, सोमवार
बोर्ड जाणार! नोटीस लागली – महिनाअखेर हॉस्पिटलचं टेलिफोन एक्स्चेंज बंद. सगळं कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर, फोनसुद्धा. बावीस वर्षं या खोलीत बसून लोकांचे कॉल जोडले. हजारो असतील. नीट आठवायला गेलं तर एकही आठवत नाही.

माझ्यापुढे दोनच वाटा. सत्तावीस तारखेची परीक्षा पास झाले तर कॉम्प्युटर रूममध्ये मदतनीस. नाहीतर तळघरात, जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यांत. तळघराला खिडकी नाही. मला खिडकी लागते.

हे म्हणाले, "या वयात झेपेल का तुला?" संध्याकाळचा चहा त्यांनी स्वतःच करून घेतला.

५ फेब्रुवारी
शिकवायला इंजिनिअर मुलगी आली आहे. माझ्या लेकीपेक्षाही लहान. मला काकू म्हणते, पण चुकलं की बोटावर पेन्सिल मारायचीच काय ती बाकी ठेवली आहे!

आज नेटवर्कचे प्रकार. किती अंतरावर पसरलंय त्यावरून नावं. अंगाभोवतीचं ते पॅन – तिच्या मनगटावरचं घड्याळ पर्समधल्या फोनशी बोलतं, तेवढंच. एका इमारतीचं ते लॅन, म्हणजे आपलं हॉस्पिटल. शहरभराचं मॅन – आपण आणि नदीपलीकडची आपली दुसरी शाखा. आणि देशोदेशी पसरलेलं ते वॅन. लेक साता समुद्रापार बसून रोज विचारते ना, "आई, जेवलीस का?" – ते त्यातून.

मुलगी म्हणाली, बिघाड झाला की घाबरायचं नाही. आधी एकच विचारायचं – कुठपर्यंत चालतंय?

मला हे आवडलं. बोर्डावर मी तेच तर करत आले.

१० फेब्रुवारी
घरी अभ्यास. यांच्या कानात गाणी, फोन ओट्यावर. गॅलरीच्या दारापर्यंत गेले की गाणं तुटतं, परत फिरले की लागतं. चार वेळा आत-बाहेर करायला लावलं. पॅन पाठ झालं. हे वैतागले, पण पाचव्यांदा आपणहून गेले.

१५ फेब्रुवारी, शनिवार
वॉर्डावॉर्डातून स्विच बसवून झाले. स्विच म्हणजे आठ भोकांची पेटी, प्रत्येक भोकावर एक बारीक दिवा. सोमवारी चालू करणार. मी सगळे मजले पाहून आले. तिसऱ्या मजल्यावर कडक इस्त्रीचा वॉर्ड. तिथल्या सिस्टरला 'कडक इस्त्री' हे नाव मीच ठेवलंय. गणवेशाला सुरकुती नाही, चेहऱ्याला हसू नाही. इतक्या वर्षांत मला कधी 'बरं आहे ना' म्हणाली असेल तर शपथ! तिच्या टेबलाखालच्या पेटीतून एक वायर लोंबकळत होती. या नव्या लोकांना शिस्त म्हणून नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आजचा दिवस माझा!

नऊ वाजता नेटवर्क चालू केलं, दहा मिनिटांत सगळं ठप्प. तपासणीचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनात, औषधांची खिडकी बंद. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. हॉस्पिटलचे मोठे साहेब तिच्या मागेच उभे.

माझा जुना बोर्ड अजून चालू होता. मी पलीकडच्या शाखेला फोन लावला – त्यांचं आपसात झकास चाललंय. बाहेरच्या लाइनवाल्यांना विचारलं – लाइन ठीक. म्हणजे दुखणं आपल्याच चार भिंतींत! मग मजल्यामजल्याला विचारलं, पेटीवरचे दिवे कसे दिसतायत? सगळीकडे एकच उत्तर – सगळे एकदम, वेड्यासारखे लुकलुकतायत. मुलगी ताडकन उठली. म्हणाली, कुठेतरी एकाच वायरची दोन्ही टोकं एकाच पेटीत गेली असणार. निरोप तिथल्या तिथे गरगर फिरतो आणि बाकी कुणाला बोलायला जागाच उरत नाही.

मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यापासून बघू. तिथेच निघालं. टोक उपटलं आणि सगळं हॉस्पिटल सुरू!

मोठे साहेब म्हणाले, यांना परीक्षा कशाला? घ्या तशाच. मग वायर तिनेच खोचली असं धरून सगळ्यांसमोर सिस्टरला झापलं – नीटनेटकेपणाची हौस चादरींपुरती ठेवा म्हणाले. तिने तोंडातून शब्द काढला नाही.

१८ फेब्रुवारी
कालचं पान खोटं नाही. अपुरं आहे.

२० फेब्रुवारी
लिहून टाकते.

मुलीने काल विचारलं, काकू, तिसराच मजला कसा ओळखलात? मी म्हटलं, अंदाज. अंदाज कसला! शनिवारी ते टोक मीच खोचलं. नोकरीला लागले तेव्हा दोऱ्यांचा बोर्ड होता. कॉल संपला की दोरी जागच्या जागी गेली पाहिजे, लोंबकळली की एक्स्चेंजच्या मोठ्या बाई ओरडायच्या. बावीस वर्षांची सवय. वायर लोंबकळताना दिसली, समोर रिकामं भोक दिसलं, हाताने आपलं काम केलं. पेटी तेव्हा बंद होती, त्यामुळे काही झालं नाही. सोमवारी मुलगी 'दोन्ही टोकं' म्हणाली तेव्हाच मला कळलं.

आणि मी सिस्टरला बोलणी खाऊ दिली. लाज वाटते. पण नोकरी हातात आली आहे, खिडकीसकट.

२४ फेब्रुवारी
सांगितलं. आधी मुलीला, मग तिच्याबरोबर जाऊन मोठ्या साहेबांना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, मग परीक्षा द्या. सिस्टरची माफी ते मागणार होते. मी म्हटलं, आधी मी जाते. मला आठवडाभर द्या.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "काकू, पहिल्या नोकरीत मी अख्खी बँक बंद पाडली होती. अशाच वायरीने. मी मात्र कुणाला सांगितलं नाही."

२६ फेब्रुवारी
तिसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत चार वेळा गेले. चारही वेळा परत.

२७ फेब्रुवारी
पेपर बरा गेला. चारही प्रकार उदाहरणांसह लिहिले. यांचं गॅलरीत जाणं-येणंही लिहिलं! प्रात्यक्षिकात बिघाड शोधायला दिला. मनात म्हटलं, कुठपर्यंत चालतंय? आणि सापडला.

२८ फेब्रुवारी
पास! शंभरात चौसष्ट. यांनी पेढे वाटावेत तसे सगळ्यांना फोन केले. कॉम्प्युटर रूमची खिडकी स्कूटरच्या शेडवर उघडते, पण उघडते.

संध्याकाळी बोर्ड बंद केला. शेवटचा दिवा मीच विझवला. थोडं रडले.

१ मार्च, शनिवार
आज गेले सिस्टरकडे. एका दमात सगळं सांगितलं. ती चादरीची घडी घालत होती. म्हणाली, "माहीत आहे. शनिवारी मी पडद्यामागेच होते. खोचताना पाहिलं तुम्हाला."

मी म्हटलं, मग साहेबांसमोर बोलली का नाहीस?

"अकरा वर्षांपूर्वी माझे वडील गावी शेवटच्या घटका मोजत होते. बाहेरच्या कॉलला तीन मिनिटांचा नियम होता. तुम्ही चाळीस मिनिटं लाइन तोडली नाहीत. साहेबांना सांगितलंत, बिघाड आहे. वडील गेले तेव्हा मी त्यांच्याशी बोलत होते, ताई."

मला तो कॉल आठवत नाही.