लपतो असं मी सांगितलं होतं

ता. १४, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार आधी करून टाकतो, नाहीतर म्हणशील लांब जाऊन उद्धट झाला. पण तुझं पत्र वाचलं आणि डोकं फिरलं. पुन्हा आपल्या फाशांच्या खेळाचं तेच! 'चोराला लपायचं असेल तर ते मास्तरांच्या कानावर गेलं पाहिजे.' अरे, सांगितलं म्हणजे सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही हे चोराने कशाला बघत बसायचं? ह्याच गोष्टीवरून आपण जेवणाच्या ताटावर भांडलो, आईने फासे पिठाच्या डब्यात टाकून दिले, तरी तुझा हेका तोच.

तू दिलेली नियमांची वही मी परत काढून बघितली. तुझंच अक्षर, पान नऊ. 'चोर कुठे आहे हे शत्रूला माहीत नसेल तर पहिला वार तिप्पट. मात्र आपण लपतो असं आधी बोललं पाहिजे.' बोललं पाहिजे, असं लिहिलंयस. मी सातवीत शाळा सोडली असेन, पण एवढं वाचता येतं.

बाकी इथे ठीक. खोकला गेला. जेवण बरं असतं. आईला सांग, स्वेटर घालतो.

इथल्या लोकांना हा खेळ मीच शिकवला, तुझ्याच पद्धतीने. एकजण गोष्ट चालवतो, तो मास्तर. बाकी प्रत्येकाचा एक गडी, कोणी योद्धा, कोणी वैद्य, माझा अर्थातच चोर. काय करायचं ते तोंडाने सांगायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणाच्या खोलीतलं लांब टेबल पुसून बसतो. आमचे मास्तर गोदामातली फोर्कलिफ्ट, म्हणजे पेट्या उचलायची गाडी, चालवतात. वय पन्नाशीच्या पुढे, मिशा पांढऱ्या. गोष्ट अशी सांगतात की चहा गार होतो तरी कोणी उचलत नाही. मी नवीन आलो तेव्हा टाइलच्या पेट्या उचलून पाठ धरायची, तर त्यांनीच सुपरवायझरला सांगून मला पेट्या मोजायच्या कामावर घेतलं. अर्ज भरायला त्यांनीच शिकवलं.

तर गेल्या सुट्टीला झालं असं. गोष्टीत दारावर पहारेकरी, आत खजिना. माझे सोबती त्याच्याशी बोलत होते. मी म्हणालो, 'मी खांबामागे लपतो.' खेळ पुढे गेला. मग मी म्हणालो, 'मागून वार, तिप्पट.' मास्तर म्हणाले, 'तिप्पट कसा? तू तर समोर उभा आहेस.' मी म्हणालो, 'लपतो असं मी सांगितलं होतं.' ते म्हणाले, 'कधी?'

आमच्यात एक वजनकाट्यावरचा कारकून आहे, सुपरवायझरचा मेहुणा. तो हसायला लागला. 'अहो मास्तर, मी समोर बसून ऐकलं. हा तुमच्या शेजारी बसलाय, तुम्हालाच बरं ऐकू आलं नाही?' मग त्याने मास्तरांच्या डाव्या बाजूला जाऊन नुसती चुटकी वाजवली. एकदा, दोनदा. मास्तर समोर बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते सुपरवायझरच्या कानावर गेलं.

तर मला तुझ्याकडून लिहून पाहिजे, दादा. वार बरोबर होता की नाही? नियमाने सांग. उगाच उपदेश नको. येत्या सोमवारी त्यांना कंपनीच्या डॉक्टरकडे कान तपासायला पाठवणार आहेत, आणि मला झोप लागत नाही.

आता लिहितोच. त्यांचा डावा कान गेलेला आहे हे मला माहीत होतं. मला एकट्यालाच. गाडीला त्यांनी स्वतःच्या पैशाने दोन जास्तीचे आरसे लावलेत, वळायच्या आधी दोन्हीकडे मान फिरवतात. सहा वर्षांत एक पेटी फुटलेली नाही. एकदा मी डावीकडून हाक मारत होतो तेव्हा कळलं. म्हणाले, 'तुला कळलंच आहे तर माझ्या ह्या बाजूला बसत जा. कोणी इकडून बोललं की कोपराला बोट लाव.' तेव्हापासून टेबलावर माझी जागा तीच. बोट लावायचं, ते वळून बघायचे, ओठांवरून समजून घ्यायचे. चार महिने कोणाला पत्ता लागला नाही.

त्या दिवशी मी हळू बोललो. आणि बोट लावलं नाही. तिप्पट वार पाहिजे होता रे, दुसरं काही नाही. ऐकलं असतं तर त्यांनी पहारेकऱ्याला मागे बघायला लावलं असतं, ते तसे हुशार आहेत. वाटलं, मजा येईल.

हे पत्र आज टाकत नाही. सोमवारचं बघून टाकतो.


ता. १९, मंगळवार

दादा, काल झालं.

डॉक्टरने कागद दिला. मास्तर गाडीवरून उतरले. आता गेटवर बसतील, गाड्यांचे नंबर लिहायचे. पगार निम्म्याला आला. सुपरवायझरने मला बोलावलं. म्हणाला, 'तू तरुण आहेस, कान धडधाकट आहेत. शिकून घे. मास्तरच शिकवतील आठवडाभर.' मी म्हणालो, विचार करून सांगतो. तो म्हणाला, 'विचार कसला करतोस? दारात दहाजण उभे आहेत.'

संध्याकाळी मी जेवणाच्या खोलीत गेलो. मास्तर एकटेच बसले होते, उजवा कान माझ्याकडे करून. माझ्याकडे वही मागितली. तुझी वही, दादा. चष्मा लावून पान नऊ वाचलं, दोनदा वाचलं.

मी म्हणालो, 'मास्तर, माझं चुकलं.'

म्हणाले, 'थांब. नियमात बोललं पाहिजे असं आहे. तू बोललास. मला ऐकू आलं नाही, तो माझा भाग. वार धरायचा. तिप्पट.' आणि त्यांनी पेन्सिलीने पहारेकऱ्याच्या नावावर काट मारली. मग म्हणाले, 'सकाळी सातला ये. आधी मागे बघायला शिकवतो, गाडी नंतर.'

मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी सातला गेलो. ते गाडीच्या उजव्या पायरीवर उभे राहिले आणि मी त्यांच्या सीटवर बसलो. आरसे माझ्या उंचीला त्यांनी स्वतः लावून दिले.

तू बरोबर होतास. वहीत दुरुस्ती लिहून पाठव, 'ऐकलं पाहिजे' असं. मी इथे चिकटवतो.

सुपरवायझरने वाढीव पगाराची पहिली उचल आजच हातात दिली. दर महिन्याला घरी आठ हजार येतात, ह्या वेळी जास्त आले की आईला वाटेल ओव्हरटाइम केला. तसंच वाटू दे.

तुझा धाकटा

अकरा हजार पाठवतोय.