पंप नसलेली लाइन

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग सध्या पट्टीत आहे, ते वजा धर.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? आम्ही इकडे सगळे जिवंत आहोत, आणि त्यात मीही आहे हे मला परवा दुपारी कळलं. अक्षर गिचमिड वाटलं तर पट्टीला दोष दे, पण तुला फरक जाणवेल असं वाटत नाही.

झालं असं, की एका बेकरीचा तुंबलेला पाइप खोलताना त्याची गंजलेली कड माझ्या बोटाला लागली. थेंबभर रक्त आलं, आपोआप थांबलं, मी बोट पँटला पुसलं आणि काम पुरं केलं. (तीस वर्षं माझं हेच औषध आहे. डोळे वटारू नकोस.) तिसऱ्या दिवशी बोट टोमॅटोसारखं लाल. चौथ्या दिवशी अंगात ताप, मनगटापासून वर लाल पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ, आणि काखेत लिंबाएवढी गाठ! (बायकोच्या मते वाटाण्याएवढी. पण गाठ तिच्या काखेत नव्हती.) बोट राहिलं कुठे, काख राहिली कुठे, दोघांचा संबंध माझ्या डोक्यात येईना. मी बायकोला म्हटलं, "आता माझे थोडेच दिवस." ती म्हणाली, "आधी दवाखान्यात चला, दिवस मागून मोजू."

डॉक्टरीणबाई तुझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिने काख चाचपली, रक्त तपासायला घेतलं आणि मी नळाचं काम करतो म्हटल्यावर एकदम खुलली. चिठ्ठीच्या पाठीमागे तिने चित्रच काढलं. हृदय हा पंप, तो रक्त धमन्यांतून ढकलतो, शिरांतून ते परत येतं, इथवर ठीक. पण म्हणे बारीक नळ्यांतून थोडं पाणी सतत बाहेर झिरपतं. मी म्हटलं, "म्हणजे गळती!" ती म्हणाली, "गळती नाही, मुद्दाम. पेशींना त्यातूनच खाणंपिणं पोचतं." त्यातलं जे परत शिरेत जात नाही ते गोळा करायला दुसरी लाइन आहे, लसिकेची. आणि ताई, ऐक, त्या लाइनला वेगळा पंपच नाही! मी तिथल्या तिथे हरकत घेतली. बिनपंपाचं पाणी पायापासून गळ्यापर्यंत चढेलच कसं? तर माणूस चालतो, हात हलवतो, श्वास घेतो, त्याने नळ्या दाबल्या जातात, त्यांच्या भिंतीही थोडं ढकलतात, आणि आतल्या झडपा पाणी मागे फिरू देत नाहीत. शेवटी ते गळ्याखालच्या हाडामागे मोठ्या शिरेत परत. मी तपासून पाहिलं, फिटिंगमध्ये खोट निघाली नाही.

वाटेत जागोजाग गाळण्या आहेत, त्या म्हणजे गाठी. माझ्या बोटातली घाण त्या लाइनने वर चढत होती आणि पांढऱ्या पेशींनी तिला काखेत अडवलं होतं. "गाळणी फुगली, म्हणजे ती काम करतेय," ती म्हणाली. (हेच मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा ती माझ्याकडे कशी बघतात, ते आता कळलं.) मग मात्र तिचा चेहरा बदलला. आणखी दोन दिवस काढले असते तर हे रक्तात उतरलं असतं, म्हणाली, आणि मग गाठीवर निभावलं नसतं. बायको त्या संध्याकाळी गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहीत बसली, एक शब्द बोलली नाही. तिच्या बोलण्याला मी कधी भ्यालो नाही, त्या गप्प बसण्याला भ्यालो.

आता रेघ उतरली आहे, गाठही खरोखर वाटाण्यावर आली आहे. तरी अर्धा दोष तुझाच. सातवीत तू आमच्या वर्गाला हृदय रंगीत खडूंनी दाखवलंस आणि लसिकेचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून दिलास. माझ्यासारखा मुलगा घरी वाचेल असं तुला, प्रत्यक्ष बहिणीला, वाटलंच कसं? भावोजींना नमस्कार.

तुझा,
अजून असलेला भाऊ

ता. क. चौथ्या दिवशी, दवाखान्यात जायच्या आधी, तापाच्या भरात मी तुला निरोपाचं नऊ पानी पत्र टाकलं. पोचलं असेल तर न फोडता परत पाठव. खरं तर हे पत्र तेवढ्याचसाठी लिहिलं, वरचं सगळं प्रास्ताविक.

ता. क. दुसरा. फोडलंच असशील (मी तुला ओळखतो), तर पान चार, भावोजींच्या गाण्याविषयीचं, त्यांना वाचून दाखवू नकोस. पान सहावर शाळेतला सांगाडा कुणी पाडला त्याची कबुली आहे. बिचाऱ्या शिपायाला तू वर्षभर बोललीस. तो कुठे भेटला तर दोघांच्याही वतीने माफी माग.

ता. क. तिसरा. शेवटचं पान परत नको. आई गेल्यावर तू लग्न दोन वर्षं पुढे ढकललंस ते कुणासाठी, हे लिहिलं मी तापात, पण मला ते तेव्हापासून ठाऊक आहे.