जिथे थांबला होतात तिथून

लातूर,
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
मैत्रीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

मी बरी आहे, दोन वेळ जेवते, पाणीपुरवठ्याच्या कामावर उन्हात फिरून काळी ठिक्कर पडले आहे. हे तुला रोज फोनवर कळतंच. तरी महिन्याच्या पत्राची वाट न बघता आज कागद घेऊन बसले, कारण ही गोष्ट फोनवर सांगितली तर तू हसून उडवून लावशील.

परवा रविवारी लॅपटॉप उघडला तर ब्राउझरची नवी आवृत्ती आल्याची पाटी. ऑफिसात सगळ्यांनी तिला आधीच शिव्या घातल्यात. कुणाची जपून ठेवलेली पानं गायब, कुणाला मागे जायचं बटण सापडेना, आमचे साहेब तर जुना परत आणा म्हणून दोन दिवस रुसून बसले होते. म्हणून मी टाळत होते. पण पाटी पाठ सोडेना. मोठं निळं बटण, आणि खाली बारीक राखाडी अक्षरांत 'आत्ता नको'. घाईत निळं दाबलं. पडदा पांढरा झाला, काहीतरी गोल गोल फिरलं, आणि मग आलं: 'नमस्कार शिवराम. जिथे थांबला होतात तिथून पुढे सुरू करा.'

आई, हातातला चहा सांडला गं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. खातं त्यांचंच आहे हे मला ठाऊक आहे. ते मी काढून टाकलं नाही आणि तूही टाकू दिलं नाहीस. कोपऱ्यात त्यांचं नाव दिसलं की बरं वाटायचं. पण खाली यादी होती, आणि यादीत आदल्या दिवशीची तारीख, सकाळचे साडेअकरा. छातीतल्या गाठीबद्दल एक पान. बायोप्सी कशी करतात, त्याचं एक पान. सोमवारी पुन्हा उघडलं तर त्यात आणखी दोन वाढलेली. बाबा हृदयाने गेले, त्यांना गाठबीठ कधी नव्हती.

भूतबित आपण मानत नाही, त्यामुळे भुतावर ढकलायचीही सोय नाही. मग कोण वाचतंय? तू तर म्हणालीस की घरच्या कॉम्प्युटरवर कपडा टाकलाय, त्याला आता हातही लावत नाहीस. म्हणजे बाबांच्या नावात कुणीतरी बाहेरचं शिरलंय. माझ्या खोलीतली शर्मिला म्हणते पासवर्ड बदल आणि मोकळी हो. मला ते जमेना. बाबांनी ठेवलेला शब्द मी कसा पुसू? लॅपटॉप कपाटात ठेवून वर चादरी रचल्यात. हस खुशाल.

तुझ्याकडे काही वेगळं झालंय का, कळव. गोजरामावशींना जय भीम सांग. लोभ आहेच, त्यात या वेळी थोडी घाई मिसळ.

तुझी,
मैत्री

---

कामोठे,
शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. मैत्रीस,
आईचे पोटभर आशीर्वाद. मंगल असो.

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमनने खालूनच हाक मारली, आणि अख्ख्या सोसायटीला कळलं की चांगुणाबाईंना लातूरहून जाड पाकीट आलंय. अगं, सरकारने तुला अख्ख्या तालुक्याच्या पाण्याची जबाबदारी दिली आणि तू लॅपटॉपवर चादरी रचतेस! बाबांनी बघितलं असतं तर आठवडाभर चिडवलं असतं.

ब्राउझरने इथेही उच्छाद मांडलाय. शेजारी गोजराताईंच्या कुंदनने तो त्यांच्या फोनवर चढवला तेव्हापासून त्यांना विजेचं बिल सापडत नाही. त्यांचं म्हणणं, ही नवी सून घरात आली हाय आनि सगली भांडी जाग्यावरून हलवून ठेवलीन. काल दुपारभर माझ्याकडे बसून त्या फोनला बोल लावत होत्या. मग माझ्या ओल्या चादरी त्यांनीच दोरीवर टाकल्या. मला हल्ली हात उंच करायचा कंटाळा येतो. त्या बिचाऱ्या काही विचारत नाहीत, टाकतात.

तुझ्या यादीचं म्हणशील तर ती बघत बसू नकोस. ज्याचं त्याला वाचू दे. वाचल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पासवर्डही बदलू नकोस, राहू दे त्यांचा शब्द. कॉम्प्युटरवरच्या कपड्याचं विचारलंस, तर तो मी परवाच धुतला, स्वच्छ आहे.

बाकी ठीक. बाबांची दवाखान्याची निळी फाईल तू कपाटाच्या कुठल्या खणात ठेवलीस? सहज विचारते. उन्हात डोक्यावर रुमाल बांधत जा. माया आहे, ती पत्राच्या वजनावर मोजू नकोस.

तुझी,
आई

---

लातूर,
बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. आईस,
सप्रेम जय भीम. वि. वि. लिहायला आज हात वळत नाही, पण लिहिते. विनंती आहे आणि ती विशेषच आहे.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मग चादरी काढल्या आणि लॅपटॉप उघडला. या वेळी नुसती पानं नव्हती, शोधायच्या चौकटीत टाकलेले प्रश्नही होते. एक जसाच्या तसा उतरवते: 'गाठ दुखत नसल्यास किती दिवस थांबलेले चालते, कृपया कळवावे.' त्याच्या खाली: 'बायोप्सीसाठी एकटे गेल्यास चालते काय, कृपया कळवावे.'

आई, अख्ख्या जगात मशीनला कृपया कळवावे म्हणणारी एकच बाई आहे. बाबा तुला कॉम्प्युटर शिकवत होते तेव्हा मी बाजूला बसून हसत होते. ते म्हणाले होते की मशीन असली तरी विचारताना माणसाने नीट विचारावं. तू ते आजतागायत पाळतेस. मला चोर परवडला असता गं.

काल फोनवर विचारलं तर वेडी आहेस का म्हणालीस आणि भाजीवर गेलीस. फोनवर तू काहीही म्हणशील, ते मला माहीत आहे. पण आपल्या घरात कागदावर खोटं लिहायचं नाही. आजोबांच्या अंगठ्याखाली कुणीतरी भलतंच लिहिलं आणि खाडीकडची जमीन गेली, म्हणून चाळिसाव्या वर्षी ते अक्षर शिकले आणि हा नियम घालून गेले. तो तूच मला घोकून घेतलास. तू नियम मोडला नाहीस हे मला आता कळतंय. पत्रात एकही खोटं वाक्य नाही. कपडा धुतलास असं आहे, कॉम्प्युटरला हात लावत नाहीस असं नाही. हात वर करायचा कंटाळा आहे. फाईल हवी आहे. बाई, किती हुशारीने लिहिलंस!

मला प्रचंड भीती वाटतेय. साइटवर पाइप मोजताना आकडे विसरते, दोनदा मोजते, पुन्हा विसरते. बाप आधीच गेला आहे माझा. म्हणून एकच विचारते, आणि कागदावरच उत्तर हवं: ती गाठ तुझी आहे का? हो की नाही, एवढंच लिही. फाईल खालच्या खणात आहे, माझ्या शाळेच्या दाखल्यांखाली.

लोभ असावा असं कशाला लिहू? तू असावीस, एवढंच मागणं.

मैत्री

---

कामोठे,
शनिवार, १५ नोव्हेंबर

चि. मैत्रीस,
हो.

आता आशीर्वाद घे आणि बसून वाच. अक्षर वाकडं आलंय, चष्म्याला दोष देऊ नकोस.

ऑगस्टमध्ये आंघोळ करताना हाताला लागली. डावीकडे, वाटाण्याएवढी. दुखत नाही, म्हणून सोडून दिली. आता वाटाण्याएवढी राहिली नाही. कुणाला सांगितलं नाही. गोजराताईंनी ओळखलंय असं वाटतं, पण त्या चादरी टाकतात आणि गप्प बसतात. मशीनला विचारत बसले, कारण मशीन तोंड पाडत नाही, च्यक् च्यक् करत नाही, आणि माझ्याआधी रडत नाही. मलाही ती निळी पाटी आली होती. सगळी उपकरणं जोडायची का, असं काहीतरी विचारत होती. मला वाटलं प्रिंटरबद्दल विचारतेय. म्हटलं जोड बाई, नाहीतरी तो वर्षभर बंदच आहे. माझं सगळं लातूरला जाऊन पडतंय हे कळलं असतं तर हात तोडून घेतला असता. आपण दोघींनी यांचं नाव तिथून काढून टाकलं नाही, त्याचं हे फळ.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच ठरवलं की आता पुरे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन विचारलंच. न विचारता राहवत नाही.

आता का जात नाही ते सांगते. बाबांना तपासायला जायचं नव्हतं. छातीत थोडं भरून येतं, गॅस असेल म्हणत होते. मी मागे लागले. मी भांडले. द्रोणागिरीच्या गोदामातून त्यांना अर्धी रजा टाकायला लावली. स्वतःच्या पायांनी गेले, जिन्यात बसून बुटाची नाडी बांधली, आणि जाता जाता म्हणाले की आल्यावर पिठलं कर. चौथ्या दिवशी त्यांना आणलं ते कसं, तुला माहीत आहे. सगळे म्हणतात आधी नेलं असतं तर वाचले असते. मला मात्र रोज वाटतं, नेलंच नसतं तर. खोटं असेल, वेडेपणा असेल. पण त्याच दवाखान्याच्या काचेच्या दाराशी मी दोनदा जाऊन आले, पंचवीस ऑगस्टला आणि दसऱ्यानंतर. दोन्ही वेळा रिक्षातून उतरले, दार आपोआप उघडलं, आणि मी उलट पावली घरी. एवढी घाबरट मी कधी नव्हते गं. मोर्च्यात पुढे चालणारी बाई मी.

तू येऊ नकोस. नोकरीचं पहिलं वर्ष आहे, रजा मागितलीस तर नाव खराब होईल. दवाखान्यात जाईन असं मी या कागदावर लिहीत नाही. लिहिलं तर जावं लागेल.

रागावू नकोस. माया कर.

आई

---

कामोठे,
गुरुवार, २० नोव्हेंबर

चि. मैत्रीस,
तुझ्या भित्र्या आईचे आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर ते लातूरला जाईल आणि तू इथे असशील.

काल सकाळी साडेअकराला, माझ्या नेहमीच्या वेळेला, कपडा काढून कॉम्प्युटर लावला. मनाशी ठरवलं होतं की आज काही विचारायचं नाही, फक्त बातम्या बघायच्या. पडद्यावर तेच आलं, नमस्कार शिवराम, जिथे थांबला होतात तिथून. आणि खाली यादीत सर्वात वर, मी न लिहिलेला प्रश्न: 'आपल्या पत्नीस दवाखान्यात एकटीने जाण्याची भीती वाटत असल्यास शुक्रवारी सकाळी तिच्यासोबत कोण येईल, कृपया कळवावे.'

मैत्री, मी ते दोनदा वाचलं. वर नाव त्यांचं, भाषा त्यांची, आणि कृपया कळवावे तर त्यांनीच शिकवलेलं. तू भूत मानत नाहीस, मीही मानत नाही, पण अर्धा मिनिट मी मानलं. खुर्ची धरून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले की अहो, मला माहीत नाही. तेवढ्यात यादी हलली आणि खाली दुसरी ओळ आली: 'मैत्री येईल. दहाचा नंबर लावला आहे. दुसरा दवाखाना आहे, काचेचे दार नाही, विचारून घेतले.'

तेव्हा कळलं की कोण बसलंय तिथे. मी इतकी रडले की गोजराताई लाटणं हातात घेऊनच धावत आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला चार शिव्या दिल्या, मग जवळ घेतलं, मग म्हणाल्या की मना कवाच म्हायती होता. शुक्रवारी त्यांना बरोबर यायचंय. घरी राहून पिठलं करा म्हटलं. कबूल झाल्या.

रात्री फोनवर म्हणालीस तशी तू पोचशील उद्या सकाळी सहाला. रात्रभर बसून येणार, तोंड सुकलेलं असेल. दार मीच उघडेन आणि हे पत्र तुझ्या हातात देईन. चहा घेऊन वाच. मी तोवर बाबांची फाईल पिशवीत घालते. ती माझ्या काही कामाची नाही, पण असू दे बरोबर.

घाबरलेय. काय निघेल ते ठाऊक नाही, आणि मशीनलाही ठाऊक नाही. इतके दिवस तिने मला शंभर पानं दाखवली, प्रत्येकाच्या शेवटी लिहिलेलं की डॉक्टरांना भेटा. बाबांचं नाव तिथून काढून टाकायचं नाही, पासवर्ड बदलायचा नाही. पुढेही काही विचारावंसं वाटलं तर मी तिथेच विचारेन, तू वाचत जा.

आता कागदावर लिहिते, नीट वाच, अक्षर सरळ यावं म्हणून पट्टी ठेवून लिहितेय:

शुक्रवारी मी जाईन.

लोभ राहू दे, आणि दारातून आत जाताना माझा हात सोडू नकोस.

तुझी,
आई