बाहीवरचा डाग

डहाणू रोड

प्रगती पोरी,

बाळंतपणाला माहेरी आलेली लेक मी एका जाकिटापायी घालवली. माझ्या बारा लष्करी जाकिटांच्या संग्रहातलं, व्हिएतनामच्या लढाईतलं अमेरिकन कमांडोचं दुर्मिळ जाकीट, बाहीवर रक्ताचा डाग. तोच तू लिंबू लावून घासून काढलास.

"बाबा, बाळ येतंय. मेलेल्याचं रक्त घरात कशाला?"

"घर माझं आहे," मी म्हणालो.

जुन्या कपड्यांचे गठ्ठे विकत मी वर आलो. गिऱ्हाइकाच्या नुसत्या श्वासावरून त्याचं मन ओळखतो. काल जाताना तू पायरीवर थांबलीस, तेही ऐकलं. मी बाहीच न्याहाळत बसलो.

तळासरीला सासरी नीट जेवतेस ना? परत ये. उरलेली अकरा जाकिटं टाकून देतो, असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. त्या ओळीशिवाय हे पत्र पाठवायला मला तोंड नाही.

तुझाच,
बाबा