गफलतीच्या केकचा राहिलेला तुकडा

मी, बोडिल राउन्सहोल्ट, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, पक्षाच्या संसदीय कार्यालयातून निवृत्त झालेली सचिव, राहणार व्हानलोसे, कोपनहेगन, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे नाही. डॉक्टरांनी वसंतापर्यंत मुदत दिली आहे, तीही ओढूनताणून. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. आज मी दारूचा थेंबही घेतलेला नाही. हे वाक्य मृत्युपत्रात सहसा नसते, हे मला कळते. पण मला तो प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की आता कुणी विचारायच्या आधीच मी उत्तर देऊन टाकते.

कलम पहिले. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात हे राहते घर पक्षाला जाणार होते. पक्षाच्या विचारांवर माझा जीव होता, राग होता तो माणसांवर, आणि ही दोन खाती वेगळी ठेवता येतात असे मला तेव्हा वाटे. ऑक्टोबरात माझ्या आजारपणाचा सुगावा लागला तसे सरचिटणीस येस्पर थोरलुंड पांढरी फुले घेऊन भेटायला आले. बोलता बोलता त्यांनी खिडक्यांच्या चौकटी बोटाने ठोकून पाहिल्या.

"लाकूड काय छान टिकलंय हो, बोडिल!" म्हणाले.

बाई टिकली नाही तरी चालेल, असा एकंदर सूर. फुले मी जिन्यात ठेवून दिली. त्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम दुसरे. सदर घर, त्यातील सामानसुमान आणि तळघरातील खोलीसह, मी माझी भाची आल्बर्टे राउन्सहोल्ट हिला देते. अट कोणतीही नाही. माझ्या मरणाची वाट बघण्याचेही कारण नाही. किल्ली मी तिला आज सकाळीच दिली आहे. हे लिहिताना ती स्वयंपाकघरात बसली आहे आणि भांडी नुसतीच इकडची तिकडे करते आहे.

घाईचे कारण असे. आल्बर्टे पक्षाच्या कार्यालयात काम करते आणि पक्षाच्याच वसतिगृहात राहते. नोकरी धरली तेव्हा मी तिला बसवून सगळे सांगितले होते, डबाही दाखवला होता. (डबा पुढच्या कलमात येतो.) ती हसली. "आत्या, दिवस बदलले गं. आता आमच्याकडे नियमावली आहे. भिंतीवर पाटीसुद्धा आहे." पाटी मी बघून आले. तिच्यावर लिहिले आहे, 'आपला ग्लास, आपली जबाबदारी.'

या महिन्यात पक्षाचे नाताळचे जेवण झाले. त्या दुपारी छपाईच्या खोलीत येस्पर थोरलुंड यांनी माझ्या भाचीशी जे केले त्याला कायद्यात नाव आहे आणि तिने ते नाव उच्चारले. पक्षाने तिच्यापुढे एक कागद ठेवला आहे: दोघेही प्यायलेले होते, गैरसमज झाला, दोघांनाही खेद आहे, विषय संपला. उद्या, शुक्रवारी, तिने त्यावर सही करायची आहे. नाही केली तर नोकरी जाईल आणि खोलीही. काल ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आत्या, सही केली की संपेल ना गं एकदाचं? मला फक्त ते संपायला हवंय." मी तिला 'कर'ही म्हटले नाही आणि 'नको'ही म्हटले नाही. सही तिची आहे. मी फक्त एवढे बघते की खोली जाईल म्हणून तिने ती करू नये.

कलम तिसरे. निळ्या पत्र्याचा बिस्किटांचा एक डबा आणि त्यातील केकचा एक तुकडा, ही माझी मिळकत मी पक्षाला देते. वकीलसाहेब इथे माझ्या बुद्धीविषयी शंका घेतील. घेऊ देत, पण आधी वाचा.

आमच्या कार्यालयात रीत होती, आजही आहे, की ज्याच्या हातून गफलत होईल त्याने सगळ्यांसाठी केक आणायचा. पत्र भलत्याच खासदाराच्या हातात पडले, केक. मतदानाच्या वेळी कुणी झोपून राहिले, केक. तो सगळ्यांनी मिळून खायचा, आणि शेवटचा तुकडा संपला की त्या गफलतीचा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही. रीत चांगली होती. मीही केक आणलेले आहेत, आणि हसतहसत खाल्लेही आहेत.

१९८१ सालचे नाताळचे जेवण शुक्रवारी भर दुपारी सुरू झाले. हेरिंग मासे, भाजलेले डुकराचे मांस, आणि घासागणिक स्नॅप्स, आमची कडक दारू. मी तीन प्याले घेतले. आकडा सांगते, कारण पुढे सगळ्यांनी माझेच प्याले मोजले. गटनेते प्रेबेन ओव्हरबी यांचे कुणी मोजले नाहीत. उजेड उतरू लागला तशी मी घरी जायला म्हणून कोटांच्या खोलीत गेले. ते मागोमाग आले. पुढचे इथे लिहीत नाही; पोलिसांत दिलेल्या जबानीत ते सगळे आहे. एवढेच लिहिते, की त्यांनी आतून कडी लावली. सोमवारी ते सगळ्यांना सांगत होते, "अहो, मला काही म्हणजे काही आठवत नाही. तो मी नव्हतोच, ती दारू होती." ती कडी जुनी होती. वर उचलून, जरा स्वतःकडे ओढून मग सरकवावी लागे; शुद्धीतल्या माणसालाही पहिल्या झटक्यात जमत नसे. दारूला म्हणे जमले.

पोलिसांनी मला पहिला प्रश्न विचारला तो प्याल्यांचा. दुसराही तोच, जरा फिरवून. मग म्हणाले, कळवू.

आणि सोमवारी प्रेबेननी केक आणला.

होय. केक आणला. वर खोबरे आणि तपकिरी साखरेचा थर असतो तो, ज्याला आमच्याकडे स्वप्नाचा केक म्हणतात. कार्यालयप्रमुख रूथ डालबी हिने तो कापला आणि माझ्या बशीत कडेचा तुकडा वाढला. मला कडेचा आवडतो हे तिला माहीत होते.

"खा गं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "त्यांना किती ओशाळं वाटतंय, बघतेस ना? खाल्लास की संपलं."

आमच्या देशात पेला उचलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. न बघणे हा अपमान. त्या दिवशी कॉफीचे कप उचलले गेले तेव्हा माझ्याकडे कुणी म्हणजे कुणी पाहिले नाही. फक्त प्रेबेननी पाहिले, आणि ते माझ्या बशीकडे बघून हसले. मी तो तुकडा कागदी रुमालात गुंडाळला, घरी आणला आणि डब्यात टाकला. नोकरी मी सोडली नाही. का सोडावी? मी काय केलं होतं?

तो तुकडा सुकला नाही.

महिन्याने डबा उघडला तेव्हा मला वाटले, थंडी आहे. उन्हाळ्यात उघडला तेव्हाही खोबरे तसेच कुरकुरीत, बोट लावले तर आत मऊ. बुरशी नाही, मुंगी नाही. माझा कुत्रा बाम्से उकिरड्यातलेसुद्धा गिळायचा; त्याने डब्याचा वास घेतला आणि तो पलंगाखाली जाऊन बसला, तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. एकदा चिडून मी तो तुकडा तळ्यावर नेऊन बदकांना टाकला. बदके काठ सोडून लांब गेली. तुकडा बुडालाही नाही, माझ्याकडे कड करून तरंगत राहिला. घरी आले आणि रिकामा डबा धुवायला घेतला, तर डबा रिकामा नव्हता.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला भ्रम झाला. मीही तेच म्हणून बघितले. पण मग मला वासाचे कळले. एरवी डबा बंद असला की काही येत नसे. मात्र अधूनमधून, वर्षा-दोन वर्षांनी, सगळ्या घरात ताज्या केकचा वास सुटायचा, अगदी भट्टीतून आत्ता काढल्यासारखा. डबा हाताला कोमट लागायचा. आणि पुढच्या सोमवारी कार्यालयात कुणीतरी केक आणलेला असायचा, आणि थोड्याच दिवसांत एखादी मुलगी "दुसरीकडे बरं मिळालं" असे सांगून टेबल आवरून निघून जायची. मी प्रत्येकीच्या मागे गेले. जिन्यात गाठले, घरी गेले, माझे सांगितले. त्या सगळ्या हेच म्हणाल्या, "बोडिल, मी खाल्ला गं तो. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

प्रेबेन वारले त्या आठवड्यात त्यांच्या बायकोने, इंगरलिसेने, मला इस्पितळातून फोन केला. आम्ही कधी धड बोललोही नव्हतो. "रागवू नका," ती म्हणाली. "हे काही खात नाहीत, पीत नाहीत, डोळे मिटत नाहीत. सारखं एकच चाललंय: तिचा तुकडा राहिलाय, तिला खायला सांगा. कसला हो तुकडा?"

मी म्हणाले, "त्यांना सांगा, मला भूक नाही."

ती म्हणाली, "असं होय," आणि तिने फोन ठेवला. मला वाटते तिला सगळे कळले. मला तिची दया आली. त्यांची आली नाही, आजही येत नाही.

या महिन्यात वास आला तो इतका उग्र होता की मी सगळ्या खिडक्या उघडल्या. सोमवारी थोरलुंडनी केक आणला होता. आल्बर्टेने तिच्या वाट्याचा तुकडा बशीसकट कचऱ्यात टाकला आणि सरळ माझ्याकडे आली. शाबास पोरी.

तर पक्षाने सदर डबा वार्षिक सभेत टेबलावर ठेवावा. ज्याला तो तुकडा खायचा असेल त्याने आधी उभे राहून, सगळ्यांच्या डोळ्यांत बघून, मोठ्याने सांगावे की हा केक कशाबद्दल होता. 'गफलत' हा शब्द चालणार नाही. 'दारू' हाही नाही. मग खुशाल खावा. तोवर तो टिकेल, याची हमी मी देते.

कलम चौथे. केक कापायची सुरी, लाकडी मुठीची, जी रूथने मला माझ्या निवृत्तीच्या दिवशी लाडाने भेट दिली, ती रूथला परत. ती आता वृद्धाश्रमात आहे, पोटच्या मुलीला ओळखत नाही. मी दर महिन्याला जाते. ती रिकाम्या हाताने टेबलावर केक कापते, सगळ्यांना वाढते, आणि एक तुकडा न बोलता माझ्यासमोर सरकवते. सुरी तिथल्या परिचारिकांकडे द्यावी, तिच्या हातात देऊ नये. माझा तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि मी जायची थांबतही नाही.

कलम पाचवे. सायकलदुरुस्तीचे पाने, पंप आणि ठिगळांची पेटी माझा भाऊ योर्गन याला. अर्धे पाने त्याच्याकडेच आहेत, नेतो आणि परत आणत नाही. आता बाकीचेही ने बाबा. तुझ्या मुलीला "तू किती प्यायली होतीस" हे विचारलेस तर मात्र पंपसुद्धा मिळणार नाही. विचारणार नाहीस, मला माहीत आहे. तरी लिहून ठेवते.

कलम सहावे. बँकेतील शिल्लक आल्बर्टेच्या वकिलासाठी. तिला वकील लागला नाही तर तिने त्या पैशांत कुठेतरी उन्हात जाऊन पडून राहावे.

माझ्या अंत्यविधीनंतर कॉफी द्यावी आणि ज्याला हवी त्याला दारूही द्यावी. दारूवर माझा कसलाच राग नाही. चांगला स्नॅप्स मला अजून आवडतो. बाटलीने माझ्या मागे येऊन कधी कडी लावली नाही. केक मात्र ठेवू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले. माझे म्हणणे यात उतरले आहे. आता साक्षीदारांना आत बोलावते, त्यांच्यासमोर सही करते आणि डबा त्यांच्याकडून मोहोरबंद करून घेते.

बोडिल राउन्सहोल्ट

साक्षीदारांचे निवेदन

आम्ही खाली सही करणारे दोघे एकाच वेळी हजर होतो आणि बाईंनी आमच्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. सगळ्यांनी फक्त कॉफी घेतली. आमचा या मिळकतीत काही वाटा नाही. हे मी, तोर्किल, लिहितो आहे. मी जन्मभर बस चालवली, मला सजवून लिहिता येत नाही.

मोहोर लावण्याआधी डबा उघडून बघा, असे बाई म्हणाल्या. मी उघडला. कलम तिसऱ्यात एक तुकडा लिहिला आहे. डब्यात दोन होते. मेरेटे यांनीही पाहिले. दुसरा तुकडा मधला होता, त्याच्या खाली बशीची कपची चिकटलेली होती. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनाही हे ठाऊक नव्हते, हे मी शपथेवर सांगतो.

त्यांनी भाचीला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच आली आणि डब्यात वाकून बघत राहिली.

"हा माझा आहे, आत्या," ती म्हणाली. "मी टाकला होता हा. कचऱ्यात. माझ्या हातानं टाकला होता."

बाई म्हणाल्या, "हो गं बाळा."

"म्हणजे सही केली तरी हे संपायचं नाही."

मुलीने हात पुसले, पिशवीतून पक्षाचा तो कागद काढला, बिनसहीचाच होता, आणि डब्यात दोन्ही तुकड्यांवर घडी करून ठेवला. मग झाकण तिनेच दाबून लावले आणि आम्हाला म्हणाली, "लावा आता मोहोर. उद्या हा डबा मीच घेऊन जाते तिकडे. सभेपर्यंत कशाला थांबायचं?"

बाईंच्या सांगण्यावरून कलम तिसऱ्यात 'एक तुकडा' खोडून 'दोन तुकडे' असे केले आहे. दुरुस्तीवर तिघांच्या लहान सह्या आहेत. मोहोर लावताना डबा कोमट होता.

साक्षीदार:
१. तोर्किल ब्रान्सट्रुप, निवृत्त बसचालक, तळमजला
२. मेरेटे होल्बेक, दंतवैद्य, तिसरा मजला

स्थळ: व्हानलोसे, कोपनहेगन
दिनांक: १८ डिसेंबर २०२५