वेस्लीच्या बदल्यात

१२ मार्च
माझा पोरगा, वेस्ली, घरी येतोय! आपल्याच फुटबॉल टीमनं घेतला त्याला! इतकी वर्षं त्या पश्चिमेकडच्या टीमच्या बाकावर नुसता बसून होता. आता इथे क्वार्टरबॅक — सगळा डाव त्याच्या हातात. त्याच्या बदल्यात ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा नंबर देऊन टाकला म्हणे. म्हणजे कॉलेजातला एखादा तगडा पोरगा निवडायचा आपला हक्क गेला.

रेडिओवर ऐकलं आणि एमेट खुर्चीतून ताडकन उठला.
"अक्कल गहाण टाकली का यांनी! लोर्ना, ऐकतेस ना तू? पहिल्या फेरीचा नंबर! आणि कुणासाठी? ज्याला धड खेळताना कुणी बघितलं नाही! कोण हा वेस्ली कोवार?"
"अरे, आपला वेस्ली."
"आपला कसला? आपला शाळेत गेलाय. नाव एक असलं म्हणून काय झालं?"

डॉक्टर म्हणाले होते, विसरणं वाढत जाईल. पण हे असं?

१३ मार्च
आज पुन्हा तेच. नाश्त्याला, जेवताना, कॉफी पिताना. प्रत्येक वेळी बातमी ताजी, राग ताजा.

२ एप्रिल
सॉसेज आणायला गेले तर दुकानात सगळे एकदम गप्प. शेवटी खाटीक बर्नार्डच म्हणाला, "राग मानू नकोस लोर्ना, पोरगा गुणी आहे तुझा. पण पहिल्या फेरीचा नंबर म्हणजे —" वजनात एक सॉसेज जास्त टाकलं. जसं काही घरात कुणी गेलंय!

या गावात उघड बोलणारा एकच माणूस. तो माझ्या घरात.

१४ एप्रिल
वेस्ली जेवायला आला. बटाटा भरून पिरोगी केल्या होत्या, वर कांदा चांगला लाल परतून. एमेटला वाटलं शेजारच्यांचा जावई. लगेच विचारलं, "तुला काय वाटतं रे? शहाणपणाचा होता का हा सौदा?"

मी टेबलाखालून वेस्लीचा हात धरला. तो शांतपणे म्हणाला, "मी असतो तर नंबर सोडला नसता, सर."
सर! एमेटच्या हाताखाली शाळेच्या टीममध्ये खेळला तेव्हा म्हणायचा तसं.
"बघ लोर्ना! याला कळतं! जावई असावा तर असा!" एमेटनं स्वतःच्या ताटातली पिरोगी उचलून त्याला वाढली.

निघताना वेस्ली गाडीत बसला तो बसूनच राहिला. गाडी सुरू करेना. मी खिडकीतून बघत होते. गेले नाही.

२६ एप्रिल
ड्राफ्ट झाला. आपल्या नंबरावर त्या लोकांनी एक डोंगराएवढा पोरगा उचलला. एमेट डोळे पुसत होता — "आपला होता गं तो, आपला!"

८ सप्टेंबर
पहिली मॅच. वेस्लीचे दोन पास समोरच्यांच्या हातात. सगळं मैदान हुर्यो करत होतं. माझ्या पोराला! मी टीव्हीचा आवाज बंद केला.

एमेट मात्र पुढे वाकून बघत होता. "मागचा पाय उशिरा टेकतोय. लहानपणी कुणी सांगितलं नाही का याला?"
तूच सांगितलंस रे! मागच्या अंगणात, रोज, अंधार पडेपर्यंत.

वेस्लीला फोन करून सांगितलं. मग — "बाबा म्हणाले? काय म्हणाले आई, त्यांच्याच शब्दांत सांग."

१५ सप्टेंबर
जिंकलो!! पाय वेळेवर टेकत होता. मी नाचले.
एमेट : "एका मॅचनं काय होतंय? नंबर तो नंबर."

२० ऑक्टोबर
तीन मॅच सलग हरलो. रेडिओवर शिव्या, घरात शिव्या. आज मी ओरडले त्याच्यावर. "पुरे कर! तुझंच पोर आहे ते!" घाबरून भिंतीकडे तोंड करून बसला. मग थोड्या वेळानं हळूच — "लोर्ना, ऐकलंस का? पहिल्या फेरीचा नंबर दिला म्हणे..."
हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "हो का? कुणासाठी रे?"

१७ नोव्हेंबर
दोन दिवस झाले, गप्प आहे. सर्दी असेल.

२४ नोव्हेंबर
रेडिओ लावला. तिथे अजून भांडताहेत. तो खिडकीबाहेर बघत बसलेला. शेवटी मीच त्याच्यापुढे उभी राहिले आणि ओरडले — "एमेट! पहिल्या फेरीचा नंबर घालवला या मूर्खांनी! त्या नवशिक्यासाठी! आहे की नाही?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. सरकून बसायला जागा करून दिली.
"असेल बाई. तुम्ही म्हणता तसं असेल."